‘र’ची शेपटी

“अरे, पण ह्यात पार्सल कुठे लिहिलंयस?” राहीने विचारलं.

“पार्सल लिहायचं नसतं, ताई. ते जाणवलं पाहिजे,” विनीत म्हणाला.

राही विनीतपेक्षा सहा वर्षांनी मोठी. पालीच्या नाक्यावर वडिलांचं किराणा दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच गाळ्यात बुधवारपासून राही पार्सल सेवा चालू करत होती. आजूबाजूच्या वाड्यांतल्या आयांनी मुंबईच्या मुलासुनांसाठी बांधलेली गाठोडी गोळा करायची, म्हणजे कुळथाचं पीठ, आमसुलं, तळलेले गरे, सुकी मासळी असलं सगळं. संध्याकाळी ते टेम्पोत भरायचं आणि सकाळी दादरपासून विरारपर्यंत ज्याच्या त्याच्या दारात पोचवायचं. टेम्पो आला होता, ड्रायव्हर सदू आला होता. राहिला होता फक्त बोर्ड. आणि तो तिला अगदी साधा हवा होता. पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘राही पार्सल सर्व्हिस, पाली’.

पण तिच्या दुर्दैवाने तिचा सख्खा भाऊ अक्षरकार होता.

विनीत फाँट तयार करायचा. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस मान डोलवायचा आणि थोड्या वेळाने विचारायचा, “आणि कामाला कुठे?” मुंबईत दहा वर्षं काढून तो परत आला होता आणि गेली तीन वर्षं घराच्या माळ्यावर बसून एकाच फाँटवर काम करत होता. जुन्या सोडावॉटरच्या बाटल्या, बंदरावरच्या वखारींच्या पाट्या, गावोगावच्या नमनाच्या नाट्यखेळांच्या पिवळ्या पडलेल्या जाहिराती हे सगळं धुंडाळून त्याने ती जुन्या वळणाची, जाडजूड, पोट सुटलेली अक्षरं घडवली होती. फाँटचं नाव होतं ‘गलबत ठळक’. त्याची शिरोरेघ एवढी रुंद होती की तिच्यावर कावळा बसला असता. वेलांट्या शिडासारख्या फुगलेल्या होत्या. हे गलबत आजवर फक्त एका लग्नपत्रिकेवर लागलं होतं, आणि ती पत्रिका विनीतच्या स्वतःच्या लग्नाची होती. त्यातलं ठिकाण नीट न लागल्यामुळे बायकोकडचे दोन पाहुणे भलत्याच कार्यालयात जेवून आले होते. तेव्हा विनीतने दोष पाहुण्यांना दिला होता.

गलबतमधलं त्याचं सर्वांत लाडकं अक्षर होतं ‘र’. ह्या ‘र’ला त्याने एक लांब शेपटी दिली होती. ती पुढच्या अक्षराच्या पोटाखालून वळसा घेत जायची आणि पलीकडे त्याच्या दांड्याला अलगद टेकायची. ह्या एका वळणापायी त्याचे चार महिने गेले होते. ते जमलं त्या दिवशी तो आनंदाने खाली धावत आला होता आणि बायकोला म्हणाला होता, “‘र’ झाला!” तिने हातातली कोथिंबीर न थांबता निवडत “बरं” एवढंच म्हटलं होतं.

“एकच शब्द ठेवू,” विनीत राहीला समजावत होता. “‘रवाना’. बस्स. तुझा सगळा धंदा त्यात आला. रस्त्याच्या पलीकडून दिसेल.”

“दिसेल, पण कळेल काय? खाली दोन ओळी तरी लिही.”

बरीच घासाघीस होऊन विनीतने दोन ओळी मान्य केल्या. त्यातली एक राहीने स्वतः सुचवली: ‘आईच्या हातचं, रोज ताजं’. गावच्या आईने केलेलं मुंबईच्या लेकराला रोज ताजं पोचणार, हा त्यातला भाव. दुसरी ओळ सामान घ्यायच्या वेळेची: ‘दुपारी १२ ते ४’.

खरी काळजी मात्र बोर्डाची नव्हती. नुसत्या कुळथाच्या पिठाने टेम्पो भरत नाही, त्याला आंबा लागतो. आणि आंबा होता दादू भाटकरांकडे. डोंगरापलीकडे त्यांची हापूसची तीनशे कलमं होती. आईच्या माहेरच्या गावचे म्हणून राही-विनीतचे ते दादूमामा. “बुधवारी वीस पेट्या घेऊन येतो. कारभार बघतो, मन भरलं तर सगळा मोसम तुझ्याकडे,” असं ते राहीला सांगून गेले होते. मन भरलं नाही, तर टेम्पो अर्धा रिकामा फिरवायचा आणि एक दिवस विकून टाकायचा, हे राहीने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मंगळवारी रात्री तिला जेवण गेलं नाही, ते सगळ्यांनी पाहिलं.

मंगळवारी संध्याकाळीच बोर्ड चढला होता. प्लायवूडची कापलेली, तांबडी रंगवलेली दोन-दोन फुटांची अक्षरं, खाली बारक्या अक्षरांत त्या दोन ओळी. आई, म्हणजे सावित्रीबाई, मागच्या घरातून बाहेर आली. तिने कमरेवर हात ठेवून बोर्ड वरून खालपर्यंत वाचला, मग दोन्ही मुलांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. विनीतला भरून आलं. आईला शब्द सुचेनात असं काम आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं.

बुधवारी बारा वाजून दहा मिनिटांनी पहिली गाडी थांबली. कोल्हापूरची होती. आतून एक ऐसपैस गृहस्थ, त्यांची बायको आणि दोन मुलं उतरली. राही वही-पेन घेऊन टेबलामागे सावरून बसली. बाजूला नवा कोरा वजनकाटा होता.

“नमस्कार ताई! चालू झालंय न्हवं?”

“हो, आजच. या ना. किती नग आहेत?”

“चार. दोन मोठे, दोन बारके.”

राहीने वहीत लिहिलं, मोठे दोन, बारके दोन. “मासळी आहे काय त्यात? असली तर सुकीच चालेल. ओली नाय घेत आम्ही.”

गृहस्थांचा चेहरा पडला. “सुकी नको वो ताई. एवढं घाट उतरून आलोय, ओलीच पायजे.”

“ओलीला पाणी सुटतं. टेम्पोत वास लागतो.”

“टेम्पोत कशाला? हितंच बसतो की आमी.”

“बसा, बसा. पण पोचवायचं कुठे ते सांगा आधी.”

“हितंच आणून द्या की वो. आनि कुठं पोचवताय?”

राही गोंधळली. पण पहिलंच गिऱ्हाईक होतं, त्याला दुखवून चालणार नव्हतं. तिने काट्याकडे बोट दाखवलं. “बरं, मग आधी वजन करून घेऊया.”

गृहस्थांनी काट्याकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे बघितलं, आणि जरा दबकतच विचारलं, “आत्ता करताय की जेवल्यावर?”

“जेवल्यावर?”

“म्हंजे काय! बाहेर येवढं मोठं ‘खाना’ लिवलंय की!”

सगळे बाहेर आले. विनीत माळ्यावरून उतरून आला, सदू टेम्पोतून. सातजण रस्त्याच्या कडेला उभे राहून बोर्डाकडे बघू लागले. विनीतला तिथे ‘रवाना’ दिसत होतं. अगदी ढळढळीत ‘रवाना’.

“हा ‘र’ आहे,” तो म्हणाला. “आणि हा ‘व’.”

“नाही हो,” गृहस्थांची बायको शांतपणे म्हणाली. “मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. ‘र’ काढायचा, शेजारी ‘व’ काढायचा, ‘र’ची शेपटी ‘व’ला खालून जोडायची. झाला ‘ख’. पोरांना रोज हेच गिरवायला देते मी.”

विनीतने पुन्हा वर बघितलं. त्या क्षणी ‘रवाना’ नाहीसं झालं आणि तिथे दोन फुटी ‘खाना’ उभा राहिला. तो मग कितीही डोळे किलकिले केले तरी जाईना. आपण चार महिने खपून ‘ख’ तयार केला, जो जगात आधीपासून होता, हे त्याच्या लक्षात आलं. फाँट तपासण्यासाठी त्याने हजारो शब्द लिहून पाहिले होते. स्वतःचं नाव तर चारशे वेळा. पण त्या शब्दांत ‘र’पुढे ‘व’ कधी आला नव्हता, आणि नावात तर ‘र’च नव्हता.

“आई!” राहीने हाक मारली. “आई, तू काय वाचलंस गो काल?”

आई ओले हात पदराला पुसत आली. “काय वाचणार? खाना. आईच्या हातचं, रोज ताजं, दुपारी बारा ते चार.” मग तिचा इतका वेळ दाबून धरलेला राग बाहेर पडला. “मेल्यांनो, मला एका शब्दाने विचारलंत काय? परस्पर बोर्डावर चढवलंत मला! रात्रभर बोलले नाय मी. सकाळी उठून पंधरा माणसांचे तांदूळ वैरले आणि गप बसले.”

“पंधरा?” राही किंचाळली.

“बांगड्याचं कालवण आहे, ओल्या काजूची उसळ आहे, सोलकढी आहे. आता आलेल्या माणसाला उपाशी धाडू काय?”

कोल्हापूरकरांनी एवढंच ऐकलं आणि ते हात धुवायला कुठे जायचं ते विचारू लागले.

आई ऐकेना. पाहुणा जेवून जाणार म्हणजे जाणार. त्या चौघांची पानं टेबलावर वाढली गेली, वही आणि काटा खाली आला. आणि नाक्यावरचा नियम असा की जिथे एक गाडी थांबलेली दिसते, तिथे दुसरी थांबते. पाऊण वाजेपर्यंत रत्नागिरीचं एक जोडपं, मोटरसायकलवरचे तीन तरुण आणि एक ट्रकवाला येऊन “खाना” म्हणून उभे राहिले. प्रत्येकाला विनीत दारातच अडवून सांगत होता, “हे रवाना आहे, रवाना.” ट्रकवाला म्हणाला, “संपलं काय? मग कशाला बोलावता?” विनीतने पुन्हा समजावल्यावर तो चिडून म्हणाला, “अहो, जेवायला आलेल्याला रवाना व्हा काय सांगता?”

ह्या गर्दीतच दादूमामांची गाडी आली. त्यांच्या गड्यांनी वीस लाकडी पेट्या दारात उतरवल्या, आणि मामा समोरच्या दुकानात पान लावायला गेले. आत बसायला खुर्च्या नव्हत्या. दारात वीस पेट्या मांडून ठेवलेल्या दिसल्यावर जेवणाऱ्यांनी जे करायचं तेच केलं. पानाचा विडा गालात ठेवून मामा परत आले तेव्हा त्यांच्या निवडक हापूसवर चार माणसं बसून सोलकढी पीत होती.

“अरे, ऊठ! ऊठ आधी!” मामा ओरडले. “माल आहे तो माझा!”

तिघे उठले. चौथा, मोटरसायकलवाल्यांतला एकजण, उठला नाही, कारण तो वाकून पेटीवरचा ठसा वाचत होता. “ए, हापूस!” त्याने मित्रांना सांगितलं. “जेवणात आंबापण आहे रे!” आणि मामांच्या डोळ्यांदेखत त्याने फळीखाली बोटं घालून पेटी उचकटली.

मामांचा विडा गिळला गेला. “हेच!” ते खोकत म्हणाले. “हेच होतं वाटेत! हापूस वाचला की पेटी फोडतात. गेल्या साली मुंबईत पोचेपर्यंत एकेका पेटीतली डझनभर फळं गायब. म्हणून घरच्या माणसाकडे द्यायला आलो, तर इथे तुझ्या दारातच फोडली!”

“मामा, ही चूक झालीय बोर्डाची. आमचं जेवणाचं नाय हो काही.”

“चूक कसली? एवढं मोठं लिहिलंयस खाना! मी पण तेच वाचलं. मला वाटलं, पोर हाटेल चालवते आणि मला फसवते. पेट्या चढवा रे गाडीत!”

राहीचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली, वडिलांची जुनी करवत घेऊन आली आणि विनीतच्या हातात दिली. “चढ वर. काप ती शेपटी. आत्ता.”

विनीतने बोर्डाकडे बघितलं, मग बहिणीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला गलबत ठळकचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बहिणीच्या पोटापाण्याच्या बोर्डावर आपण आपली हौस फेडून घेतली. तिने साधी लाल अक्षरं मागितली होती, आणि कुठलाही रंगारी ती तासाभरात काढून देऊ शकला असता. तो निमूटपणे शिडीवर चढला आणि त्याने आपल्या सर्वांत लाडक्या वळणाला करवत लावली. ट्रकवाल्याने खालून शिडी धरली होती आणि तो “सावकाश, सावकाश” म्हणत होता.

इकडे आईने दादूमामांसमोर पान मांडलं होतं. “बस रे दादू. आधी जेव, मग भांड. माहेरचा माणूस माझ्या दारातून उपाशी जायचा नाय.”

आईसमोर मामांचं काही चालेना. ते तणतणत बसले, तेही आपल्याच एका पेटीवर. भातात कालवण कालवून पहिला घास घेतला आणि त्यांची कटकट थांबली. दुसरा घास घेता घेता ते बोर्डाकडे बघू लागले. करवतीचा आवाज येत होता, भुसा खाली पडत होता. मामांचा हात पानावरच थांबला.

“थांब रे, ए! कापू नको.”

“कापू दे, मामा,” राही म्हणाली. “आता वाचता येईल लोकांना.”

“म्हणून तर बोलतो, थांब. हे अक्षर काढलं कोणी?”

“मी,” शिडीवरून विनीत पुटपुटला.

“सकाळपासून माणसं किती आली?”

“दहा.”

“त्यांत बरोबर कोणी वाचलं?”

विनीतने विचार केला. “कोणीच नाही.”

“एक पण नाय!” मामा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, सकाळपासून कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं, तसं कौतुक होतं. “एवढं मोठं, तांबडं, भर रस्त्यात, आणि एकाला धड वाचता येत नाय! अरे, हे पेटीवर पाहिजे मला! तुझ्या अक्षरात हापूस लिही. मुंबईच्या व्यापाऱ्याला मी फोनवर खूण सांगून ठेवतो. वाटेत कोणाला कळायचं नाय, आत काय आहे ते. जमतं काय तुला?”

तीन वर्षं विनीत ज्याची वाट बघत होता, ते हेच. कोणीतरी आपणहून त्याची अक्षरं मागत होतं. फक्त कारण असं होतं की ते त्याला बायकोलाही सांगता आलं नसतं. तो शिडीवरून उतरला. राही त्याच्याकडे बघत होती. त्याने ब्रश आणि काळा रंग घेतला, एका पेटीची ठसा नसलेली कोरी बाजू पुढ्यात वळवली आणि गुडघे टेकून बसला.

आणि इथे त्याचा अभिमान जागा झाला. वाचता येत नाही म्हणजे काय? ‘रवाना’चं सोडा, तो अपघात होता. ‘हापूस’मध्ये तर ‘र’सुद्धा नाही! मामांना हवं ते मामांना, पण आपण लिहायचं ते स्वच्छ, सुवाच्य, लहान मुलालाही लागेल असं. त्याने श्वास रोखून ‘ह’ची गाठ वळवली. ‘प’चं पोट मोकळं ठेवलं. ‘स’ आयुष्यात काढला नव्हता इतका जपून काढला. दहा मिनिटांनी तो मागे सरला. पेटीवर गलबत ठळकमधला ‘हापूस’ झळकत होता, आणि तो सुंदर होता, ह्याबद्दल विनीतच्या मनात शंका नव्हती. आता मामा नाराज होतील, बहिणीचा मोसम जाईल, असंही त्याला एकदम वाटलं.

मामांना स्वतः बघायचं नव्हतं. “मला माहीत आहे, काय लिहिलंय ते. ज्याला माहीत नाय, त्याला दाखवा. आक्का, इकडे ये. हे काय लिहिलंय ते वाच.”

आई आतून आली. ती भांडी काढण्यात होती, बाहेरचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. तिने चष्मा शोधला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पेटीसमोर वाकली. राहीने वही छातीशी घट्ट धरली होती. कोल्हापूरच्या मास्तरीणबाईसुद्धा निघता निघता थांबल्या.

“कापूस,” आईने वाचलं.

मामांनी टाळी वाजवली. “कापूस! कापूस कोण फोडतो रे! राही, ह्या वीस चढव टेम्पोत. उद्यापासून रोज चाळीस येतील. मोसम संपेपर्यंत नाव हाच लिहील, दुसरा कोणी नाय.”

राहीने वही टेबलावर टाकली आणि रडत रडत भावाला मिठी मारली. सदू पेट्या उचलायला धावला. कोल्हापूरकरांनी, काय चाललंय ते न कळताच, “अभिनंदन, अभिनंदन” म्हणत विनीतचा हात हातात घेतला आणि शुक्रवारी परतताना जेवायला येतो म्हणून आईला सांगितलं. आई “या की” म्हणाली.

सगळे पांगल्यावरही आई पेटीपाशीच उभी होती. चष्मा कपाळावर सरकवून ती ओल्या रंगाकडे बघत होती.

“आई, तो ‘ह’ आहे,” विनीत हळूच म्हणाला.

आईने पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. “असू दे रे,” ती म्हणाली. “पण ‘क’ छान काढलायस.”